क्यूजीआयएस आणि जुन्या बाजारगावांचा नकाशा : दीड वर्ष वापरल्यानंतर

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मी गेलं दीड वर्ष एकाच कामासाठी वापरतेय. इसवी सन १००० ते १६०० या काळातली दख्खनमधली बाजारगावं एका कागदावर आणायची होती. तो कागद आता एका शाळेच्या भिंतीवर लागलाय, म्हणून लिहायला बसले. आपल्या गावाचा, वतनाचा, वारीच्या जुन्या वाटांचा किंवा असाच काही इतिहास ज्यांना नकाशावर मांडायचाय, त्यांना याचा उपयोग व्हावा.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते, १९८४ ते २०१९. ट्रेसिंग क्लॉथवर रोटरिंग पेननं काम केलं, चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडून काढली, अमोनिया प्रिंटचा वास पस्तीस वर्षं अंगाला लागलेला होता. शेवटी शेवटी ऑटोकॅड आलं. त्यामुळे रेघ, स्केल, लेटरिंग हे हातात होतं. इतिहास मात्र वाचनापुरताच.

माझी भाची सातवीला इतिहास शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, शिवाजी महाराजांच्या आधी पुण्याचे लोक मीठ कुठून आणायचे? भाचीनं संध्याकाळी मला फोन केला, "मावशी, याचं उत्तर नकाशावर दाखवता येईल का गं?" येईल, म्हटलं. मीठ कोकणातून येणार. मिठाच्या मागोमाग गेलं की घाट सापडतो, घाटाच्या तोंडाशी जकात, आणि जकातीच्या पुढच्या मुक्कामावर बाजार. एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण आमचं घरच बाजारातलं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भवानी पेठेत एका भुसार आडतीवर दिवाणजी होते. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये बसून मी शाळेचा अभ्यास केलाय.

आता सॉफ्टवेअरबद्दल. क्यूजीआयएस फुकट आहे आणि मुक्त स्रोताचं आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत, मुदत संपणं नाही, दहा संगणकांवर टाकलं तरी कुणी विचारणार नाही. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते लिहायला घेतलं, २००९ च्या जानेवारीत त्याची १.० आवृत्ती आली, आणि आज जगभरचे लोक मिळून ते चालवतात. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. माझा लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅमचा. त्यावर सगळं काम झालं. डाउनलोड करताना दोन आवृत्त्या दिसतात. त्यातली 'लाँग टर्म रिलीज' घ्या. नव्या सोयी तिच्यात थोड्या उशिरा येतात, पण काम मध्येच अडत नाही.

पहिल्यांदा उघडलं की पडद्यावर बटणांची गर्दी असते. त्यातली फार तर पंधरा बटणं मी दीड वर्षात वापरली. बाकीच्यांकडे बघूसुद्धा नका.

ऑटोकॅडची सवय असलेल्यांना एक गोष्ट मनात पक्की बसवावी लागते. इथे आपण चित्र काढत नाही, तक्ता भरतो. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे तक्त्यात एक ओळ असते, आणि ओळ भरल्याशिवाय ठिपका नाही. गावाचं नाव, अक्षांश, रेखांश, आणि पुढे आपल्याला हवे तितके रकाने. मी साध्या स्प्रेडशीटमध्ये तक्ता केला, सीएसव्ही करून आत घेतला. (देवनागरी असेल तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.) मला हे सॉफ्टवेअर इतकं का आवडलं याचं कारण या तक्त्यातच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

अण्णांच्या रोजमेळात ज्या रकमेला पावती नसेल ती 'उचंत' खात्यावर पडायची. कुणी शेतकरी वीस रुपये उचल घेऊन गेला आणि नाव लिहायचं राहिलं, टाक उचंतला. पावती सापडली की ती रक्कम तिथून उचलायची आणि ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायची. अण्णा म्हणायचे, उचंत खातं मोठं असलं तरी चालेल, पण उचंतातली रक्कम कधी पक्क्या खात्यावर दाखवायची नाही. आडतीवर चाळीस वर्षं त्यांच्या शब्दावर लोक विसंबले ते यामुळे.

इतिहासाच्या नकाशांत नेमकं हेच होत नाही. पुस्तकातला नकाशा उघडा, सगळे ठिपके सारखेच काळेभोर. त्यातलं कुठलं गाव उत्खननात सापडलंय, कुठलं शिलालेखात आहे आणि कुठलं कुणीतरी अंदाजानं बसवलंय, ते कळायला मार्गच नाही. हातानं नकाशा काढताना मीही हेच केलं असतं, कारण पेन कागदाला लागलं की ठिपका पडतो. इथे तक्ता भरताना मी एक रकाना घातला, 'पावती'. आणि त्याच्या शेजारी दुसरा, 'खातं'. खाती तीन. 'जागेवर' म्हणजे गावाचं नाव त्या काळच्या लेखात किंवा वृत्तांतात आहे आणि जागाही नक्की आहे. 'नावावर' म्हणजे नाव सापडलंय, जागा मी नावाच्या साम्यावरून आणि वाटेवरून ठरवलीय. आणि तिसरं 'उचंत'. मग सिंबॉलॉजीत, म्हणजे खुणांचं रूप ठरवायच्या जागी, जाऊन सांगितलं, खातं जागेवर असेल तर भरीव ठिपका, नावावर असेल तर पोकळ वर्तुळ, उचंत असेल तर तुटक रेघेचं वर्तुळ. नियम एकदा लिहायचा, त्रेसष्ट गावांना आपोआप लागतो. एखाद्या गावाची पावती सापडली की तक्त्यात एक शब्द बदलायचा, ठिपका आपसूक भरतो. तो भरताना बघण्यात मला फार आनंद झाला.

उदाहरण देते. त्वेरचा अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला. घोडा विकायला आणला होता. त्यानं लिहून ठेवलंय की चौलहून पालीला आठ दिवस लागले, पालीहून उमरीला दहा दिवस, आणि मग जुन्नर. आता यांचे तीन ठिपके करायचे. चौल नक्की आहे, जागेवर. पाली म्हणजे आपली अष्टविनायकातली पाली, नावही जुळतं आणि वाटही, पण पावती नावापुरतीच, म्हणून नावावर. उमरी नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ, आणि नुसत्या दिवसांच्या हिशेबावरून जागा ठरत नाही. उमरी गेली उचंतला. तिचं तुटक वर्तुळ घाटमाथ्यावर आहे आणि तिथेच राहील.

जुन्नरचा ठिपका सोपा वाटला होता. पण निकितिन म्हणतो की हे शहर खडकाच्या बेटावर आहे, ते कुणी बांधलं नाही, देवानं घडवलंय, आणि वर जायची वाट इतकी अरुंद की दोघं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. हे वर्णन किल्ल्याचं. बाजार मात्र खाली, कुकडीच्या काठच्या सपाटीवर असणार. पोतं लादलेला बैल त्या वाटेनं कोण चढवेल? म्हणून मी दोन ओळी केल्या, 'जुन्नर, पेठ' आणि 'जुन्नर, किल्ला', आणि ठिपका पेठेला दिला. निकितिन तिथे पावसाळाभर अडकून पडला होता, रात्रंदिवस पाऊस आणि चिखल. तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धाक घातला. पुढे मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला, तेव्हा तो बीदरला गेला. या सगळ्यासाठी मी 'टीप' नावाचा मोठा रकाना ठेवला. माउस ठिपक्यावर नेला की टीप दिसते, अशी सोय आहे. भाचीच्या वर्गात प्रोजेक्टरवर मुलांनी सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवला.

नावांचाही असाच गुंता. चौलला अरब प्रवासी सैमूर म्हणतात, निकितिन चिविल म्हणतो, आपल्या जुन्या कागदांत चेऊल येतं. पंढरपूर १२३७ च्या शिलालेखात पंडरगे आहे. आणि पुणं? राष्ट्रकूटांच्या ७५८ च्या ताम्रपटात पुण्यविषय, ७६८ च्या ताम्रपटात पूनकविषय. विषय म्हणजे प्रदेश, त्यामुळे हे बाजाराची पावती म्हणून चालत नाही. गाव होतं एवढंच त्यावरून कळतं. ही नावं कुठे मांडायची? तक्त्यात 'तेव्हाचं नाव', 'आजचं नाव' आणि 'इतर नावं' असे तीन रकाने केले. मग लेबलच्या जागी नुसतं रकान्याचं नाव न देता अटही लिहिता येते, हे कळलं. देवगिरीला महंमद तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबाद केलं. लेबलला मी अट घातली, वर्ष १३२७ च्या आत असेल तर देवगिरी लिही, पुढचं असेल तर दौलताबाद. टेम्पोरल कंट्रोलर नावाची एक पट्टी आहे, ती सरकवली की वर्ष पुढे जातं. ती सरकवताना डोळ्यांदेखत नाव बदललं, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. याच दौलताबादेत मोरोक्कोच्या इब्न बतूता या प्रवाशानं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा खास बाजार पाहिला, तरबाबाद नावाचा, मध्ये गालिचे अंथरलेला मोठा मंडप. माझ्या तक्त्यात धान्य, कापड, घोडे, मीठ असा 'माल' हा रकाना आहे. त्यात या एका ओळीत 'गाणं' लिहिलंय.

या वेळपट्टीबद्दल एक काळजी घ्या. तिला सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष लागतं. आपल्या हातात असतो तो पहिला उल्लेख. उल्लेख सापडला त्या वर्षी गाव वसलं असं नव्हे. पट्टी मात्र त्याच वर्षी ठिपका उमटवते, आणि बघणाऱ्याला वाटतं तिथे त्या दिवशी बाजार सुरू झाला. मी प्रोजेक्टरच्या आवृत्तीत वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवलंय, 'वर्ष म्हणजे पहिला सापडलेला उल्लेख'. छापील नकाशात वर्षं घातलीच नाहीत.

गावं शोधायला पुण्यासारखी जागा नाही. सदाशिव पेठेत १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ, लॉ कॉलेज रस्त्याला भांडारकर संस्था, येरवड्याला डेक्कन कॉलेज. माझे निम्मे दिवस या तीन ठिकाणांच्या मध्ये पीएमटीच्या बसमध्ये गेले (पीएमपीएमएल म्हणायची जिभेला अजून सवय नाही). गावांची नावंही बोलतात. पेठ वडगाव, कसबे डिग्रज, कसबा संगमेश्वर, मल्हारपेठ. कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य, बाजाराचं गाव. पेठ म्हणजे कौल देऊन, काही वर्षं कर माफ करून मुद्दाम वसवलेली. शेटे-महाजन, म्हणजे पेठेचा कारभार बघणारे वतनदार, असत तिथे पेठ होती असं समजायला हरकत नाही. पण नुसत्या नावावरून ठिपका भरीव करायचा मोह टाळा. मल्हारपेठेसारखं नाव खूप नंतरचंही असू शकतं.

आता जुना नकाशा संगणकात बसवणं, म्हणजे जिओरेफरन्सिंग. हे काम करायची सोय क्यूजीआयएसमध्येच आहे, आणि फार चांगली आहे. जुन्या जिल्हा नकाशाचा स्कॅन उघडायचा, त्यावरच्या ओळखीच्या जागेवर क्लिक करायचं, आणि तीच जागा आजच्या नकाशावर दाखवायची. अशा जोड्या दिल्या की सॉफ्टवेअर जुना कागद ताणून, फिरवून आजच्या नकाशावर बसवतं, आणि किती चूक राहिली तेही सांगतं. मी पहिल्यांदा तीन जोड्या दिल्या. चूक आली शून्य. इतकं चोख बसलं म्हणून मी खूश झाले आणि एक आठवडा त्यावर काम केलं. मग ओतूर पाहिलं, तर नदीच्या भलत्याच काठावर.

झालं होतं असं, की साध्या पद्धतीला कमीत कमी तीनच जोड्या लागतात. तिन्ही त्या कामात खर्ची पडल्या की ताळा घ्यायला चौथी उरतच नाही. शून्य चूक म्हणजे बरोबर नव्हे, तपासलंच नाही असा त्याचा अर्थ. दुसरी पद्धत आहे थिन प्लेट स्प्लाइन. ती प्रत्येक जोडीवर कागद नेऊन चिकटवूनच टाकते, त्यामुळे तिची चूकसुद्धा नेहमी शून्य दिसते. कागद फार चुरगळलेला असेल तेव्हाच ती घ्या, आणि चार-पाच जागा मुद्दाम न देता बाजूला ठेवा, नंतर त्यांच्यावर ताळा करा. मी शेवटी चौदा जोड्या देऊन साधी पद्धतच वापरली. चूक आली नऊ पिक्सेल. तो नकाशा एक इंचाला आठ मैल, स्कॅन तीनशे डीपीआयचा, म्हणजे एक पिक्सेल साधारण त्रेचाळीस मीटर. चूक पावणेचारशे-चारशे मीटर. ऐकायला मोठी वाटते. माझा छापील नकाशा एकास पाच लाख, त्यावर ती एक मिलिमीटरही भरत नाही, ठिपक्याच्या पोटात जाते. हा हिशेब प्रत्येकानं आपल्या नकाशापुरता करून बघावा आणि मग चूक कमी करण्यामागे दिवस घालवावेत.

जोड्या देताना नदीचा संगम घेऊ नका. संगम सरकतात. जुनी देवळं, डोंगरमाथ्यावरची त्रिकोणमितीची ठाणी, दगडी पूल, हे भरवशाचे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारे तपशीलवार नकाशे, एव्हरेस्ट स्फेरॉइडवर आहेत, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश मोजायच्या या दोन वेगळ्या प्रणाली. जुनी शीट घेताना हे सांगितलं नाही तर पुण्याच्या आसपास गावं शंभर-सव्वाशे मीटर सरकतात. मोठ्या नकाशावर ते दिसत नाही. पण मी कोपऱ्यात पुण्याच्या पेठांचा इनसेट, म्हणजे चौकटीतला छोटा नकाशा, केला, त्यात कसबा गणपती शेजारच्या आळीत गेला होता. प्रोजेक्टमध्ये योग्य प्रणाली निवडली आणि जागेवर आला.

इनसेट भाचीच्या मुलांसाठी. मोठ्या नकाशावर पुणं म्हणजे नुसता ठिपका, आणि मुलं तर त्या ठिपक्याच्या आत राहतात. म्हणून वर्षाची मर्यादा न लावता पेठांची जुनी नावं आजच्या नावांखाली बारीक अक्षरात घातली. रविवार पेठ मलकापूर, सोमवार शहापूर, शनिवार मुर्तजाबाद, शुक्रवार विसापूर, मंगळवार अष्टापुरा, गुरुवार वेताळ पेठ. मधून नागझरी. आज तिच्यावरून जाताना ओढा आहे हे लक्षातही येत नाही, पण कसब्याची पूर्वेची हद्द कळायला ती काढावीच लागते.

डोंगर मी उपग्रहाच्या नव्हे, अवकाशयानाच्या मापनातून घेतले. २००० सालच्या फेब्रुवारीत झालेल्या एसआरटीएम मोहिमेचा उंचीचा तक्ता फुकट मिळतो, साधारण तीस मीटरला एक आकडा. क्यूजीआयएसमध्ये 'हिलशेड' म्हटलं की त्याच्यावर वायव्येकडून ऊन पडतं आणि सह्याद्री उभा राहतो. आमच्या खात्यात एका मोठ्या खोऱ्याच्या कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, हातानं काढायला महिने जायचे. इथे चहा होईपर्यंत झालं. त्यावर नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा हे घाट काढले, आणि बाजारगावं का त्याच जागी आहेत ते सांगावं लागलंच नाही. कल्याण, नाणेघाट, जुन्नर ही एक सरळ ओळ. चिपळूण, कुंभार्ली, कऱ्हाड ही दुसरी. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून सांगतात. मी त्याचा फोटो टिपेत जोडला.

इथे मी एक चूक केली ती सांगते. बाजाराला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक गावाभोवती चार कोसांचं, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटरचं वर्तुळ काढलं. 'बफर' नावाचं हत्यार आहे, एका क्लिकचं काम. दिसायला फार छान. मग लक्षात आलं की ही वर्तुळं कडा ओलांडून सरळ कोकणात उतरतायत. घाटावरून कोकणात तेरा किलोमीटर हवेतून जातात, बैल जात नाही. वर्तुळं काढून टाकली. चढाव मोजून वेळेचं अंतर काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती शिकायची मला अजून बाकी आहे.

जत्रांना वेगळी खूण दिली. आठवड्याचा बाजार आणि वर्षाची जत्रा एकाच ठिपक्यात घातली तर हिशेब बिघडतो. बीदरच्या वाटेवर अलंदला शेख अलाउद्दीनच्या दर्ग्याशी वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरे आणि तिथे घोडे विकायला येत, असं निकितिननं लिहिलंय. त्याला चौकोन.

देवनागरी लेबलं उत्तम येतात. जोडाक्षरं, रफार, ऱ्य, सगळं नीट. 'कऱ्हाड' लिहिताना खात्यात आम्हाला स्टेन्सिलनं दोनदा हात फिरवावा लागे. लेबलांभोवती बारीक पांढरी कड देता येते, त्यामुळे डोंगराच्या सावलीवरही अक्षर वाचता येतं. नद्यांची नावं मी निळी आणि तिरकी केली, गावांची उभी काळी. सरकारी नकाशांचा हा जुना रिवाज, तो सोडू नये असं मला वाटतं.

छपाई मात्र जपून करा. प्रिंट लेआउटमध्ये ए-झिरो आकार घेतला, एकास पाच लाख स्केल, आणि पीडीएफ काढताना अक्षरं 'पाथ' म्हणून ठेवली, म्हणजे दुकानात फाँट नसला तरी मोडत नाहीत. शहरातल्या एका प्लॉटिंगच्या दुकानात दिली. दुसऱ्या दिवशी आणायला गेले, नकाशा गुंडाळून तयार. घरी येऊन जुन्या खात्याच्या पट्टीनं कल्याण ते जुन्नर मोजलं. पावणेसोळा सेंटिमीटर यायला हवं होतं, आलं अकराच्या जरासं वर. त्यांच्याकडे चोवीस इंची रोल होता, म्हणून विचारल्याशिवाय ए-वन करून छापलं. नकाशावर तर लिहिलेलं 'एकास पाच लाख', आणि कागद झाला सात लाखांच्या पुढचा. परत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, सगळं दिसतंय ना पण?" दिसतंय रे बाळा, पण मोजता येत नाही. मी त्याला स्केलबार दाखवला. तो कागदाबरोबर आकसतो म्हणून खरं बोलतो. आकड्यात लिहिलेलं स्केल तिथेच राहतं आणि खोटं होतं. त्यानं ते ऐकून घेतलं, समजून घेतलं, पण पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या दुकानात छत्तीस इंची रोल आहे हे आधी विचारून, 'शंभर टक्के, फिट टू पेज नको' असं कागदावर लिहून देऊन पुन्हा छापलं. तुम्हीही आकड्याचं स्केल काढून टाका आणि स्केलबारच ठेवा.

कुणासाठी नाही हे सॉफ्टवेअर? लग्नपत्रिकेवरचा हॉलचा नकाशा करायचा असेल तर नको. दहा गावं एकमेकांत मोबाइलवर पाठवायची असतील तरी नको, त्याला सोपे मार्ग आहेत. पण ज्याला आपल्या प्रत्येक ठिपक्याचा जाब द्यायचाय, त्यानं महिनाभर चिकाटी धरून हेच शिकावं. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फक्त पत्ते असतात, माल बाहेर असतो, हे लक्षात ठेवा. फोल्डर हलवलं की लेअर, म्हणजे नकाशाचे एकावर एक ठेवलेले थर, हरवतात. सगळं एका जिओपॅकेजमध्ये, म्हणजे सगळे थर मावणाऱ्या एकाच फाइलमध्ये, ठेवलं की निश्चिंती.

नकाशा वर्गात लागला तेव्हा मीठ विचारणारी मुलगी आली आणि तिनं चौलपासून बोट फिरवायला सुरुवात केली. घाटाशी थांबली. "आजी, हे गोल तुटकं का आहे?" तिला उचंत सांगितलं. तिनं मग सगळे तुटके गोल मोजले. अकरा.

त्यातला एक पळसदेवचा. सोलापूरच्या वाटेवर, भीमेच्या काठी, जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. आमच्या ऑफिसात उजनीच्या बुडीत क्षेत्राचे जुने ट्रेसिंग होते, त्या निळ्या रेघेच्या आत किती गावं आहेत हे मी तरुणपणी कितीदा पाहिलंय, पण तेव्हा ती मला गावं वाटली नव्हती, नुसती नावं होती. पळसदेवला मोठा बाजार भरायचा असं तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं. कागद काही मिळाला नाही. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. क्यूफील्ड नावाचं याच सॉफ्टवेअरचं मोबाइलवरचं भावंड आहे, ते फोनवर टाकून घेतलंय. या मे महिन्यात पाणी उतरलं तर देवळाच्या पायरीवर उभी राहून त्याची जागा नोंदवून आणीन. जागा पक्की झाली तरी बाजाराची पावती नाही, तोपर्यंत पळसदेव उचंतच.